मालकी एकाला दिली होती, घराण्याला नाही: ठाण्यातलं एक प्रकरण

आधी परवानगीचं सांगते. ही केस लिहायला नवरा-बायको दोघांनी लेखी होकार दिलाय, दोघांनी मसुदा वाचलाय, तिने दोन ठिकाणी बदल सुचवले तेही केलेत. नावं मी वापरतच नाहीये, जात सांगत नाहीये, घरातल्या माणसांचे आणि नोकऱ्यांचे तपशील बरेच फिरवलेत. ठाणं कितीही पसरलं, घोडबंदर रोड टॉवरनी भरून गेला, तरी चरई-नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगांमध्ये कोणाची सून तलावपाळीवर कोणाबरोबर दिसली हे संध्याकाळच्या आत घरी पोचतं, त्यामुळे एवढी काळजी घ्यावीच लागते. मी ठाण्यात समुपदेशनाचं काम करते, जोडप्यांबरोबर जास्त. हे लिहितेय ते या कामातल्या बाकीच्यांसाठी, आणि अशा नात्यात असून कोणाकडे तोंड उघडता न येणाऱ्या लोकांसाठी.

पहिला फोन तिच्या भावाचा आला. "मॅडम, माझ्या बहिणीला सासरी गुलाम करून ठेवलंय आणि वर ती म्हणते मला हेच हवंय, तिचं डोकं ठिकाणावर आहे का ते एकदा बघा." मी त्याला सांगितलं की बाई सज्ञान आहे, तिला यायचं असेल तर तिने स्वतः फोन करावा, तुमच्या सांगण्यावरून मी तिला बोलावणार नाही. आठवड्याभरात तिचा फोन आला.

ती बत्तीसची, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंग टीमची लीड, रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जाणारी, हाताखाली सात-आठ माणसं. तो पस्तिशीचा, वागळे इस्टेटमध्ये नोकरी, घरातला धाकटा मुलगा. लग्न समाजाच्या वधू-वर मेळाव्यात जमलेलं, पाच वर्षं झालेली, मूल नाही आणि सध्या नकोय. चरईत सासऱ्यांच्या नावावर जुनं घर, त्यात सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ, त्यांचा मुलगा आणि हे दोघं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून सगळे कळव्याला भाड्याच्या जागेत आलेले. समाजाचं मंडळ, दर वर्षीचा स्नेहमेळावा, चुलत सासरे मंडळाच्या कमिटीवर, म्हणजे घरात जे होतं ते मंडळात जातं आणि मंडळात जे ठरतं ते घरात येतं, असं ते सगळं.

साखरपुड्यानंतर लग्नाला सहा महिने होते, त्या काळात तिनेच त्याला सांगितलं होतं की मला असं नातं हवंय ज्यात मी एका माणसाच्या ताब्यात असेन, माझ्या मर्जीने, पूर्णपणे. हे मी मुद्दाम ठळकपणे लिहितेय कारण ऐकणारा प्रत्येक जण गृहीत धरतो की पुरुषाने हे तिच्या गळ्यात मारलं. तो तर आधी घाबरला होता, त्याने मग वाचलं, माहिती काढली, आणि लग्नानंतर जवळजवळ दोन वर्षांनी दोघांनी बसून एक कागद लिहिला.

ज्यांना याची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्रजीत याला पॉवर एक्स्चेंज म्हणतात, दोन सज्ञान माणसं ठरवून एकाकडे अधिकार देतात आणि दुसरा तो सोडतो. काही जण तेवढ्या वेळापुरतं करतात, काही जणांसाठी ते चोवीस तासांचं असतं, आणि त्यातलेच काही 'मालकी' हाच शब्द वापरतात, म्हणजे मी तुझी आहे, तू माझा मालक. अमेरिकेत ही भाषा बरीचशी समलिंगी पुरुषांच्या लेदर मंडळींमधून, म्हणजे चामड्याच्या पेहरावावरून ओळखल्या जाणाऱ्या गटांमधून आली, 'सेफ, सेन, कन्सेन्शुअल' (सुरक्षित, शुद्धीत, संमतीने) हे तिथलं प्रसिद्ध सूत्रही १९८३ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या अशाच एका गटातून पुढे आलं. आपल्याकडे लोक हे सगळं फोनवर वाचतात आणि मग वन रूम किचनमध्ये, पातळ भिंतींच्या घरात, सासूबाईंच्या खोकल्याच्या अंतरावर जगायचा प्रयत्न करतात. ते जमवायला खूप डोकं लागतं आणि मला त्याबद्दल आदर वाटतो.

या दोघांनी कसं जमवलं होतं ते बघा. एक लाल बाइंडिंगची लांबट हिशेबाची वही होती, स्टेशनरोडवर मिळते तशी. रोज रात्री ती त्यात चार ओळी लिहायची, तो वाचून खाली सही करायचा. तिने मला एक पान दाखवलं. "सकाळची ७.५८ चुकली, स्वतःवर चिडले. डबा पूर्ण खाल्ला. टीममधल्या मुलाला सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं. केस कापू का?" आणि खाली त्याच्या बारीक अक्षरात, "त्या मुलाची उद्या माफी माग. केस खांद्यापर्यंत चालतील." सही. दार लावल्यावर दहा मिनिटं ती खाली त्याच्या पायाशी बसायची, काही न बोलता. पायात एक साधा चांदीचा वाळा, तो त्याने घातलेला, त्याच्या परवानगीशिवाय काढायचा नाही, आणि घरच्यांच्या दृष्टीने ते फक्त नवऱ्याने दिलेलं प्रेझेंट. कपडे, मैत्रिणींबरोबर बाहेर जाणं, झोपायची वेळ, पाचशे रुपयांवरचा कुठलाही खर्च, सगळं विचारून. शारीरिक भाग होता पण तो दोघांच्याही लेखी दुय्यम होता, मी दोघांशी वेगवेगळं बोलून त्याबद्दल विचारलं, इजा किंवा जबरदस्ती असं काही सापडलं नाही, त्यामुळे इथे त्यात शिरत नाही.

आणि थांबवायचा शब्द. अशा नात्यात एक ठरलेला शब्द असतो, तो उच्चारला की सगळं तिथल्या तिथे थांबतं. यांनी असा निवडला होता की चारचौघात, जेवणाच्या ताटावरसुद्धा बोलता यावा: "गॅसचा नंबर लावलास का?" हे वाक्य आलं की तो मालक नाही आणि ती ताब्यात नाही, दोघं साधे नवरा-बायको, आणि रात्री त्यावर बोलायचं. एवढ्या काळात तिने तो थोडेच वेळा वापरला होता आणि दर वेळी त्याने पाळला होता, एक वेळ सोडून. त्या एका वेळेवरच ही सगळी केस उभी आहे.

घर हलवताना खोक्यांमध्ये जाऊबाईंना ती वही आणि आत घडी करून ठेवलेला कागद सापडला. त्यांनी फोटो काढले, ते फॅमिली ग्रुपवर गेले, तिथून माहेरी गेले. भाऊ तडक कळव्याला आला आणि चारशे अठ्ठ्याण्णव अ, म्हणजे सासरच्या छळाचं कलम, लावतो म्हणाला. चुलत सासरे म्हणाले मंडळाच्या बैठकीत विषय घेऊ, असल्या घरात पुढे कोण मुलगी देणार.

पण सासरच्यांना नेमका राग कशाचा आला हे ऐकण्यासारखं आहे. सासूबाई मला एकदा भेटल्या, तिच्या परवानगीने, आणि म्हणाल्या, "ताई, नवऱ्याला विचारून वागते यात वाईट काय, आम्हीपण तसंच केलं. पण ते शेवटचं काय लिहिलंय?" शेवटचं कलम असं होतं: 'मी हे फक्त तुला दिलं आहे. तुझ्या घरातल्या दुसऱ्या कोणाचंही ऐकायला मी बांधील नाही, आणि माझ्या वतीने तू कोणालाही होकार देणार नाहीस.' पायाशी बसणं, वही, परवानग्या, हे सगळं त्या माउलीच्या गळी उतरलं, उलट इतकी वर्षं त्या नातेवाइकांत सुनेचं कौतुक करत होत्या की शिकलेली असून नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही. अडलं ते या एका ओळीवर. मला इथेच प्रकरणाची किल्ली मिळाली. परंपरेतलं आज्ञाधारकपण सुनेकडून सगळ्यांना मिळतं, सासूला, सासऱ्यांना, दिरांना, मंडळाला, आणि ते कोणी मागून घेत नाही, ते असतंच. हिने ते सगळं गोळा करून एकाच माणसाच्या हातात दिलं होतं आणि बाकीच्यांना दार बंद केलं होतं.

आता माझ्यापुढचा पहिला प्रश्न, भावाच्याच काळजीचा, आणि तो भाऊ मला शेवटपर्यंत आवडला कारण त्याची काळजी खरी होती. ही तिची मर्जी आहे की लहानपणापासून 'मुलीने ऐकावं' हे कानावर पडून पडून झालेली सवय? खरं सांगायचं तर याचं उत्तर कोणाच्याच बाबतीत शंभर टक्के देता येत नाही. माझी मर्जी कशी घडली ते तरी मी कुठे सिद्ध करू शकते. त्यामुळे 'तुला हे का हवंय' या प्रश्नात मी फार वेळ घालवला नाही. मी विचारलं, "शेवटचं नाही कधी म्हणालीस आणि त्यानंतर काय झालं?" माझ्या कामात एवढा एक प्रश्न जेवढं सांगतो तेवढं लांबलचक प्रश्नावल्यांनी कळत नाही. जिथे नाही म्हटल्यावर अबोला, मार, पैसे बंद, माहेर बंद असं काही होतं तिथे कागदावर कितीही सुंदर संमती लिहिलेली असू दे, ती संमती नाही. बाकीचंही तपासलं, फोन कोणाकडे असतो, मैत्रिणी टिकल्यात का, माहेरी जाता येतं का, नोकरी कोणाच्या मर्जीने, डॉक्टरकडे एकटी जाते का. फोन तिचा, नोकरी तिची, मैत्रिणी तिच्या, माहेरी जायला परवानगी लागते असं नियमात होतं पण एकदाही नाकारलेली नव्हती.

पैशाकडे आलो आणि ती गप्प झाली.

नियमाप्रमाणे तिचा पगार तोच सांभाळायचा. एटीएम कार्ड त्याच्याकडे, नेटबँकिंगचा पासवर्ड त्याने ठेवलेला. सुरुवातीला तिला त्यातच सगळ्यात जास्त सुख वाटायचं, ऑफिसमध्ये दिवसभर निर्णय घेणारी बाई, घरी आल्यावर एक रुपयाचाही निर्णय नाही, डोकं हलकं. मग रिडेव्हलपमेंट आली. बिल्डर देतोय त्यापेक्षा वाढीव एरिया हवा तर पैसे भरा, सासऱ्यांना एक खोली जास्त हवी होती, थोरल्याने हात वर केले, आणि सासरे धाकट्याला म्हणाले तुझ्या बायकोचे पडलेत ना पैसे. त्याने तिची एफडी मोडून साडेनऊ लाख भरले. घर सासऱ्यांच्या नावावर. तिला दोन दिवसांनी सांगितलं. तिने तिथेच, स्वयंपाकघरात, जाऊबाई पोळ्या लाटत असताना म्हटलं, "गॅसचा नंबर लावलास का?" आणि तो म्हणाला, "आत्ता नको."

ही गोष्ट वही सापडायच्या आधीची. कोणालाही माहीत नव्हती. तिने ती भावाला सांगितली नव्हती कारण त्याला मग 'मी म्हणत होतो ना' एवढंच दिसलं असतं.

माझं मत इथे स्पष्ट होतं आणि मी ते तिला पहिल्या दोन भेटींतच सांगितलं. त्या दोन शब्दांनी कागद संपला. मालकीचं नातं असो की कुठलंही, थांबवायचा शब्द चालला नाही की त्या क्षणानंतर जे चालतं ते दुसरंच काहीतरी असतं. काही लोक म्हणतात की संपूर्ण मालकीत असा शब्दच नसतो, तेच त्यातलं खोल समर्पण. असेल कोणासाठी. पण आपल्या घरांमध्ये, जिथे बाईच्या नाहीला आधीच वजन कमी, तिथे तो शब्द काढून टाकणाऱ्या कुठल्याही रचनेला मी पाठिंबा देणार नाही.

कायद्याचंही तिला नीट समजावून दिलं, एका वकील मैत्रिणीला बसवून. तो करार कायद्याच्या दृष्टीने कोरा कागद. माणसावर मालकी असल्याचा हक्क इथल्या कोर्टात १८४३ च्या कायद्यापासून चालत नाही, राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीच्या विरोधात आहे, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ बेकायदा किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध उद्देशाचा करार रद्दबातल ठरवतं, आणि २०१८ मध्ये जोसेफ शाइन प्रकरणात व्यभिचाराचं कलम काढताना सुप्रीम कोर्टाने नवरा हा बायकोचा मालक नाही हे स्वच्छ म्हटलंय. ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, त्याला किंमत नाही म्हणूनच तर मी रोज नव्याने देत होते." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. पण त्याच बैठकीत वकिलाने दुसरी बाजूही सांगितली. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळ हा हिंसाचाराचाच प्रकार आहे, 'मीच पासवर्ड दिला होता' म्हणून तो हक्क जात नाही, आणि भाऊ ज्याला चारशे अठ्ठ्याण्णव अ म्हणतोय ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे. दार उघडं आहे, जायचं की नाही ते तू ठरव, कधीही ठरव. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह करून घेतला. आणि मंडळाच्या बैठकीचं, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे चुलत सासऱ्यांच्या कानावर गेलं, कोणी घातलं मला माहीत नाही, पण बैठकीचा विषय पुन्हा निघाला नाही.

भावाचा दुसरा प्रश्न होता, हिला मानसिक आजार आहे का. नाही. आणि हे माझं नुसतं मत नाहीये. डीएसएम-५, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची मानसिक विकारांची यादी, तिने २०१३ मध्येच वेगळी लैंगिक आवड आणि विकार यात फरक केला, त्रास होत असेल किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू आहे, त्यात परस्परसंमतीचा हा सगळा भाग आजारांच्या यादीतून काढलाय, जबरदस्तीचा तेवढा ठेवलाय. आणि आपला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, त्याच्या कलम ३ मध्ये लिहिलंय की समाजातल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. मी ते कलम भावाला मोबाईलवर वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "ठीक आहे, पण पैसे?" बरोबर बोलला होता तो.

आता नवरा. खलनायक नव्हता. भेटायला आला तेव्हा घडी केलेला शर्ट, हातात हेल्मेट, खुर्चीच्या टोकावर बसलेला. म्हणाला, मी तिची एवढी काळजी घेतो, तिचं खाणंपिणं, झोप, रागावणं सगळं बघतो. ते खरं होतं, वहीत दिसत होतं. मी विचारलं, बाबांना शेवटचं नाही कधी म्हणालात. बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, कधीच नाही. दहावीनंतर कुठली लाईन, कुठली नोकरी, कुठली मुलगी बघायची, सगळं बाबांनी ठरवलेलं. लग्नानंतर आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाने त्याच्या हातात काहीतरी पूर्ण दिलं आणि बाबांनी हात पुढे केल्यावर त्याने तेच उचलून त्यांच्या हातावर ठेवलं. ती त्याला माझ्यासमोर म्हणाली, "मी तुला दिलं होतं. बाबांना नाही. ते शेवटचं कलम मी तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून लिहिलं नव्हतं, तुझ्या घरावर नव्हता म्हणून लिहिलं होतं." तो रडला. मी थांबू दिलं.

मालकी घेणाऱ्या माणसांशी बोलताना हे मला वारंवार जाणवतं, की अधिकाराचा भाग सगळ्यांना आवडतो पण राखणदारीचा भाग कोणी शिकवलेला नसतो. ज्याने दुसऱ्याचं सगळं हातात घेतलं त्याच्याकडे बाकीच्या जगाला 'इथून पुढे नाही' म्हणायची ताकद हवी. ती नसेल तर तो मालक नाही, नुसता निरोप्या आहे, आणि बाई पुन्हा त्याच जुन्या जागी, सगळ्या घराच्या मालकीची.

कामाची पद्धत सांगते, थोडक्यात. सुरुवातीलाच दोघांना सांगितलं होतं की जोडीने भेटू आणि वेगवेगळंही भेटू, आणि मला कुठेही जबरदस्ती दिसली तर जोडीच्या भेटी बंद करून फक्त तिच्याबरोबर काम करेन. मग सगळं थांबवलं. तीन महिने वही नाही, परवानग्या नाहीत, वाळा काढून कपाटात. मला वाटलं होतं तिला मोकळं वाटेल, म्हणजे निदान पहिले काही दिवस. तिला अजिबात वाटलं नाही. रात्री झोप लागेना, ऑफिसमध्ये चिडचिड, म्हणाली काहीतरी तुटल्यासारखं वाटतंय. हे इतर समुपदेशकांनी ध्यानात ठेवावं, असं नातं थांबवणं म्हणजे सुटका असं धरून चालू नका, ते नातं गमावण्याचं दुःख असतं आणि त्याला तेवढीच जागा द्यावी लागते. त्याला मात्र सुरुवातीला हलकं वाटलं आणि मग त्या हलकेपणाची लाज वाटली, त्यावर दोन-तीन भेटी गेल्या.

पैसे पहिल्याच आठवड्यात वेगळे केले. कार्ड, पासवर्ड तिच्याकडे, पगाराचं खातं बदललं, भावाने त्यात मदत केली. साडेनऊ लाखांचं काय, यावर घरात जे झालं ते मी सगळं लिहीत नाही. नव्या घराच्या करारनाम्यात तिचं नाव घाला असं ती म्हणाली, सासरे म्हणाले रजिस्ट्रेशन झालंय आणि हयातीत ते होणार नाही. पण त्या वेळी नवरा पहिल्यांदा बाबांसमोर उभा राहून बोलला. घसा बसला होता म्हणे त्याचा. "मग मी तिचे पैसे परत करतो, आणि आम्ही नवीन घरात येणार नाही." त्याने स्वतःच्या नावावर पर्सनल लोन काढून मोठी रक्कम तिच्या खात्यात भरली, उरलेली दर महिन्याला देतोय. दोघं घणसोलीला भाड्याने राहतात आता. सासूबाई अजून त्या घरी आलेल्या नाहीत, फोन मात्र रोज.

सासरच्यांना नात्याबद्दल काय सांगायचं यावर आम्ही बराच खल केला आणि शेवटी काहीच समजावून सांगायचं नाही असं ठरलं. खूप लोक इथे चुकतात, त्यांना वाटतं आईला नीट समजावलं तर कळेल. कशाला. बंद दारामागचं नवरा-बायकोचं आहे, हा खासगीपणाचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात मूलभूत मानलाय, आणि कोर्टाच्याही आधी साधी रीत आहे. त्याने आईला एवढंच सांगितलं की वहीबद्दल पुन्हा विषय काढायचा नाही आणि वहिनीने फोटो डिलीट करायचे. फोटो डिलीट झाले की नाही कोण जाणे.

घणसोलीला गेल्यावर काही महिन्यांनी त्यांनी नवा कागद लिहिला. या वेळी मी मसुदा बघितला, मंजुरी द्यायला नाही, त्यांनी विचारलं म्हणून. पैसा त्यातून पूर्ण बाहेर. नोकरी, तब्येतीचे निर्णय, माहेर, हे बाहेर. दर सहा महिन्यांनी, गुढीपाडव्याला आणि दिवाळीच्या पाडव्याला, बसून पुन्हा वाचायचा, आणि तिने त्या दिवशी पुन्हा हो म्हटलं नाही तर तो संपला. थांबवायचा शब्द तोच ठेवलाय, तिचा हट्ट. खाली तिने नवं वाक्य घातलंय: 'हा शब्द ऐकल्यावर तू आत्ता नको म्हणालास तर मी त्याच दिवशी दादाकडे जाईन.' आणि रोजच्या वहीत आता त्यालाही चार ओळी लिहाव्या लागतात, आज मी कोणाकोणाला काय काय नाही म्हटलं. पहिल्या महिन्यात त्याची पानं जवळजवळ कोरी होती.

माझ्या ओळखीतल्या दोन-तीन कार्यकर्त्या मैत्रिणींना ही केस सांगितली तेव्हा त्या भडकल्या. म्हणाल्या, पितृसत्तेलाच रंग लावून परत आणताय तुम्ही. त्यांचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, अशा नात्यांच्या आडून छळ करणारे पुरुष मी बघितलेत, आणि 'तिलाच हवंय' हे वाक्य सगळ्यात आधी त्यांच्याच तोंडी असतं. पण या बाईकडे बघून मी एवढंच म्हणेन की जिथे सुरुवात तिने केली, हद्द तिने आखली, हद्द मोडल्यावर तिने सगळं थांबवलं आणि पैसे वसूल केले, तिथे तिला अडाणी किंवा बळी म्हणणं हा तिचा अपमान आहे. चरईतल्या त्या घरात नियम न लिहिता पंधरा वर्षं राबणाऱ्या जाऊबाईंकडे असं एकही कलम नव्हतं, त्यांच्याबद्दल कोणी मला फोन केला नाही.

आमच्यात एक मतभेद उरलाय. लोन फिटलं की पगार पुन्हा त्याच्याकडे द्यायचा तिचा विचार आहे. मी म्हटलं नको, कधीच नको. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं ऐकायला पण मी बांधील नाही." शेवटी ठरलं ते असं, की त्या वेळी निर्णय घेण्याआधी ती एकटी एकदा वकिलाला भेटेल आणि एकटी एकदा मला. लोनचे हप्ते अजून दीड वर्ष आहेत, तोपर्यंत फाईल उघडी ठेवलीये.